पाण्यात दम किती हाय ते बघ

आमच्याकडे फिशटँक आला तो लेकाच्या हट्टापायी, तो दुसरीत असताना. दोन फुटी काचेचा टँक, पाणी साधारण ६० लिटर बसतं, वर टांगायचा छोटा फिल्टर, खाली निळी-पांढरी खडी, आणि एक प्लास्टिकचा किल्ला जो मला आजतागायत आवडलेला नाही पण लेकाला तोच पाहिजे होता. मासे पाळणं म्हणजे सकाळ-संध्याकाळ चिमूटभर खाणं टाकायचं आणि दर पंधरा दिवसांनी बापलेकांनी चार-पाच बादल्या पाणी इकडून तिकडे करत सगळा हॉल ओला करायचा, एवढंच मला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर जवळजवळ तीन वर्षं एवढ्यावर सगळं छान चाललं.

मी कॉमर्सची. दहावीनंतर सायन्सशी माझा संबंध कुकरच्या शिट्टीपुरता. त्यामुळे पुढे जे काय लिहिलंय ते एका अडाणी बाईनं ठेचा खात खात शिकलेलं आहे असं समजून वाचा.

तर गेल्या वर्षी लेक पाचवीत, शिष्यवृत्तीची परीक्षा, त्यामुळे रविवारची पाणी बदलायची ड्युटी आधी महिन्यावर गेली आणि मग बंदच झाली. टँक बघायला माझ्याकडे आला. मी विचार केला की एवढं पाणी उपसण्यापेक्षा जेवढं आटतंय तेवढंच भरत राहू, आणि भरायचंच तर चांगलं पाणी भरू, म्हणून मी स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी टाकायला लागले. आपण पितो ते शुद्ध पाणी माशांनाही, असं मोठं मन. त्यातच सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या, त्यांना मासे फार आवडले, आणि दुपारी सगळे बाहेर असताना "बिचारे माझ्याकडे बघत होते" म्हणून त्या अजून एकदा खाणं टाकायच्या. हे मला नंतर कळलं. पण आईंना दोष देत नाहीये, मासे खरंच बघतात तसे.

जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत काही कळलं नाही. मग पहिल्यांदा काळूचं लक्षात आलं. काळू म्हणजे आमची काळी मॉली, नाव पुल्लिंगी पण बाई आहे. ती एका जागी थांबून नुसती डुलायची, पुढे नाही मागे नाही, देवळात अंगात आलेली बाई जागच्या जागी घुमते ना, अगदी तशी. मला वाटलं खेळतेय. मग गोगलगायी. झाडांबरोबर आलेल्या दोन गोगलगायी होत्या टँकमध्ये, त्यांच्या पाठीवरचं शंख तपकिरी असायचं ते वरून पांढरं पडत चाललं होतं, खडूनं घासल्यासारखं, आणि एकीच्या शंखाला तर चक्क खड्डे. आज कुणी मला असा फोटो दाखवला तर मी दुसरं काही न बघता सांगेन की पाणी आंबट झालंय, शंख विरघळतंय. तेव्हा मी काय म्हटलं असेल? "म्हातारी झाली असेल."

निऑन टेट्रा आठ होते, ते कोपऱ्यात पंख अंगाला चिकटवून बसायला लागले तेव्हा मात्र मी दुकानात गेले. दुकानदारानं मोबाईलमधला व्हिडिओ दोन सेकंद बघितला, म्हणाला मॅडम इन्फेक्शन आहे, आणि निळं औषध दिलं. मिथिलीन ब्लू. ते टाकल्यावर पाणी निळं झालं, काचेच्या जोडाचं सिलिकॉन निळं झालं ते अजून निळंच आहे, माझी दोन बोटं आणि एक ओढणी निळी झाली, आणि मासे होते तसेच. पाण्याची टेस्ट करा असं तो एका शब्दानं म्हणाला नाही. आणि मीही विचारलं नाही, कारण पाणी तर काचेसारखं स्वच्छ दिसत होतं! ही माझी सगळ्यात मोठी चूक असं मला वाटतं. पाण्याकडे नुसतं बघून पाणी कळत नाही.

एप्रिलमध्ये शेवटी मी ऑनलाईन पीएचची टेस्ट किट मागवली. छोटी काचेची नळी, त्यात ५ मिली पाणी, तीन थेंब टाकायचे आणि रंग कार्डाशी जुळवायचा. पिवळा म्हणजे ६, हिरवा म्हणजे ७, निळा म्हणजे ७.६. आमच्या टँकचं पाणी आलं पिवळंधम्मक, लिंबू सरबतासारखं.

आता पीएच म्हणजे शाळेत आपण "सामू" शिकलो होतो ना, ० ते १४, ७ म्हणजे उदासीन, खाली आम्ल आणि वर आम्लारी, निळा लिटमस लाल वगैरे. तेवढं आठवलं. जे आठवलं नाही (किंवा शिकवलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत असेन) ते म्हणजे हे आकडे पायरीपायरीनं १० पटीचे असतात. ७ वरून ६ म्हणजे १० पट आम्ल, ७ वरून ५ म्हणजे १०० पट. ही पद्धत काढली सॉरेन्सन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञानं, १९०९ साली, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे तीच ती बीअरवाली कार्ल्सबर्ग. हे ऐकल्यावर आमच्या ह्यांचा सायन्समधला इंटरेस्ट एकदम वाढला.

असो. तर माझं लॉजिक असं झालं: पाणी ६ वर आलंय, म्हणजे खराब झालंय, म्हणजे बदललं पाहिजे, आणि जितकं जास्त बदलू तितकं चांगलं. त्या दिवसांत आमच्या सोसायटीत टँकर चालू होते, एप्रिल-मे म्हटलं की पुण्यात अर्ध्या सोसायट्यांचं हेच. नळाचं पाणी तपासलं तर ते निळं आलं, ७.६. मी कार्डावर बघितलं, वाचलं होतं की ६.५ ते ७.८ बऱ्याच माशांना चालतं, म्हटलं वा, मस्त. रविवारी सकाळी मी आणि लेकानं मिळून टँकमधलं दोन तृतीयांश पाणी काढलं. त्यातल्या दोन बादल्या मी बाल्कनीत ठेवल्या, माशांचं पाणी तुळशीला आणि कढीपत्त्याला चांगलं म्हणून मी नेहमीच ठेवते. आणि टँकरचं पाणी अँटीक्लोरीनचे थेंब टाकून भरलं. तासाभरात टँक असा काही चमकायला लागला की मी फोटो काढून आईला पाठवला.

संध्याकाळी मासे सगळे वर. तोंड पाण्याच्या बाहेर काढून माच्-माच् करत होते, कल्ले जोरात चालले होते आणि लालसर दिसत होते. मी एअर पंप लावला. रात्री साडेअकरापर्यंत टँकसमोर खुर्ची टाकून बसले होते. सकाळी आठही निऑन गेलेले, तीनपैकी दोन गप्पी गेले, चारपैकी एक मॉली गेली, एक सकर होता (काचेला चिकटून बसणारा मासा) तो वाचला. सोळापैकी अकरा. लेक उठायच्या आधी मी ते जाळीनं काढले आणि गुलाबाच्या कुंडीत पुरले, आणि तो उठल्यावर त्याला काय सांगायचं ते मला सुचलंच नाही, त्यानं टँककडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि "आई आपण तर पाणी चांगलं केलं होतं ना" एवढंच म्हणाला. तो एक प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. कारण खरंच आपण पाणी चांगलं केलं होतं. ७.६ वालं. पुस्तकात बसणारं.

पहिला संशय मला टँकरवाल्यावर. काहीतरी औषध टाकलं असेल, क्लोरीन जास्त असेल, टँकर आधी कशाला वापरला असेल कोण जाणे. पण मी अँटीक्लोरीन टाकलं होतं, आणि सोसायटीतच वरच्या मजल्यावर एकांकडे मोठा टँक आहे, त्यांनी त्याच आठवड्यात तेच पाणी घातलं होतं, त्यांचे सगळे मासे ठणठणीत. दुसरा संशय तापमानावर, तोही बसेना, गच्चीवरच्या टाकीचं पाणी थोडं गरम होतं पण एवढं काही नाही. म्हणजे पाणी तेच, आणि त्यांच्याकडे मासे जगले, आमच्याकडे मेले. फरक काय? फरक होता तो नवीन पाण्यात नाही, जुन्या पाण्यात होता. आणि जुनं पाणी माझ्याकडे बाल्कनीत दोन बादल्या भरून ठेवलेलं होतं! त्या चार दिवसांत तुळशीला घालायला मन झालं नव्हतं म्हणून राहिलं.

वरच्या काकांकडे अमोनियाची किट होती. काका रिटायर्ड, एकदम पद्धतशीर माणूस, वहीत तारखेवार नोंदी. त्यांनी बादलीतल्या पाण्याची टेस्ट केली, पाच-सात मिनिटं थांबलो, आणि नळी गडद हिरवी झाली, कार्डावरचा शेवटचा रंग, ८. लिटरला ८ मिलिग्रॅम अमोनिया. जो शून्य पाहिजे. काका नळी उजेडात धरून बघत राहिले, म्हणाले, "तुमचे मासे यात इतके दिवस जगले कसे, हाच प्रश्न आहे."

आणि तोच खरा प्रश्न होता. त्याचं उत्तर काकांनी दिलं आणि मी ते घरी येऊन कागदावर मांडलं तेव्हा कळलं. माशांच्या कल्ल्यातून अमोनिया बाहेर पडतो, सडलेल्या खाण्यातूनही तयार होतो. पण पाण्यात तो दोन रूपांत असतो, एक मोकळा अमोनिया, जो कल्ल्यातून आत शिरतो आणि विषारी असतो, आणि दुसरा अमोनियम, ज्याचा त्रास त्यामानानं फारच कमी. कुठलं रूप किती हे ठरवतो पीएच, आणि थोडंफार तापमान. आपल्या उन्हाळ्यातल्या २८ अंशाला पीएच ६ असेल तर १०,००० भागांतले जेमतेम ७ भाग विषारी. पीएच ८.२ झाला तर १०० भागांतले जवळपास १०. किट मात्र दोन्ही मिळून एकच आकडा दाखवते.

आता हिशोब बघा, हा मला जमतो. आधी ८ मिलिग्रॅम होता पण पाणी आंबट, त्यामुळे विषारी भाग ०.००६ च्याही खाली. मी दोन तृतीयांश पाणी बदललं, म्हणजे अमोनिया उरला २.७ च्या आसपास. पण पाणी झालं ८.२, त्यामुळे विषारी भाग ०.२७. म्हणजे घाण दोन तृतीयांश काढून टाकूनसुद्धा विष जवळजवळ ५० पट वाढलं. आंबट पाणी माशांना त्रास देत होतं हे खरंच, पण त्याच आंबटपणानं त्यांना त्या अमोनियापासून वाचवलंही होतं, आणि मी एका सकाळीत ते कवच काढून घेतलं. वर एका तासात पीएच दोन आकड्यांपेक्षा जास्त उडाला, म्हणजे आम्लात शंभरपटीच्या वर फरक, आणि मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या पाण्यातून एकदम जड, म्हणजे जास्त क्षारांच्या पाण्यात टाकलं, त्याचाही झटका असणारच. नक्की कशानं किती गेले हे मी सांगू शकत नाही, पण निर्दोष मी नाही.

तुम्ही म्हणाल ७.६ चं ८.२ कुठून आलं. ती पण एक गंमत. माझ्या किटचा शेवटचा रंग ७.६ चा, त्याच्यावर काहीही असलं तरी ती निळाच दाखवणार. टँकरच्या पाण्याची काकांच्या वरच्या रेंजवाल्या किटवर टेस्ट केली तेव्हा ८.२ आलं. तसंच खालच्या टोकाला, पिवळा म्हणजे ६ किंवा त्याच्या खाली कितीही. माझा टँक कदाचित साडेपाचवर असेल. म्हणजे दोन्ही टोकांना किटनं मला अर्धवट सांगितलं आणि मी ते पूर्ण समजून बसले. शिवाय बोअरचं पाणी ताजं असताना तपासलं तर त्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच थोडा कमी दिसू शकतो, रात्रभर बादलीत ठेवून, जमलं तर त्यात हवा सोडून, मग तपासायचं, हे काकांनी नंतर सांगितलं.

पण तरी माझ्या डोक्यात एक अडकलं होतं. आमचा टँक आंबट झालाच का? काकांचा का होत नाही? आणि १/३ जुनं आंबट पाणी शिल्लक असताना मिश्रण मधेच कुठेतरी, सातच्या आसपास का आलं नाही, सरळ आठच्या वर कसं गेलं?

याचं उत्तर मला कुठल्याही मत्स्यतज्ज्ञाकडून नाही, माझ्या मामाकडून मिळालं. मामाची कवठेमहांकाळकडे द्राक्षबाग आहे. चुलतभावाच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला त्याचा फोन आला, बोलता बोलता मी माशांचं रडगाणं लावलं, मला वाटलं हसेल. तर तो म्हणाला, "आगं पोरी, सामू बघून काय करतीस? पाण्यात दम किती हाय ते बघ की."

मग त्यानं जे सांगितलं ते असं. द्राक्षावर फवारणी करताना पाण्याचा सामू ६ ते साडेसहाच्या दरम्यान आणावा लागतो नाहीतर औषध नीट काम करत नाही, त्यासाठी ते सायट्रिक अ‍ॅसिड घालतात. ड्रीपच्या नळ्यांत क्षार बसतात ते धुवायलाही अ‍ॅसिड सोडतात. "आता हिरीचं पाणी घे आणि म्हैसाळ योजनेचं, म्हंजी कृष्णेचं, पाणी घे. कागदावर दोन्हीचा सामू आठच्या आसपास. पण योजनेच्या पाण्याला इवलं अ‍ॅसिड घातलं की लगेच खाली येतंय, आणि हिरीचं पाणी अ‍ॅसिड पितंय पितंय आणि ढेकर द्यायचं नाव नाय. कारण त्यात बायकार्बोनेट लई. तुझ्या टाकीतलं पाणी दम नसलेलं होतं, टँकरचं दमदार. दोघांची कुस्ती लावल्यावर कोण जिंकणार?"

मी फोन धरून गप्पच बसले. अकाउंट्सवाल्या बाईला तीन महिन्यांत जे कळलं नव्हतं ते मामानं दीड मिनिटात सांगितलं.

हा जो दम आहे, म्हणजे आम्ल पचवायची पाण्याची ताकद, त्याला मासेवाले केएच म्हणतात, कार्बोनेट हार्डनेस. त्याचीही थेंबांची किट मिळते आणि ती मला पीएचच्या किटपेक्षा जास्त आवडते कारण तिच्यात रंग जुळवायची भानगड नाही, ५ मिली पाण्यात एकेक थेंब टाकायचा, निळ्याचं पिवळं झालं की थांबायचं, जितके थेंब तितका केएच. एक थेंब म्हणजे लिटरला साधारण १८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटएवढा दम. बादलीतलं जुनं पाणी पहिल्याच थेंबाला पिवळं. टँकरचं पाणी: १३ थेंब. मग एक दिवस सकाळी कॉर्पोरेशनचं पाणी आलं तेव्हा ते पकडून तपासलं: ३ थेंब.

हे तीन आकडे समोर ठेवले आणि सगळं उलगडलं. पुण्याचं कॉर्पोरेशनचं पाणी म्हणजे खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांचं, सह्याद्रीत पडलेला पाऊस. मऊ पाणी, डाळ झटकन शिजते, साबणाला फेस येतो, शाळेच्या पुस्तकात ज्याला सुफेन म्हणायचे ते. प्यायला अमृत पण त्यात दम मुळातच कमी. टँकरचं पाणी बहुतेक वेळा बोअरचं किंवा विहिरीचं, दगडातून झिरपत झिरपत क्षार गोळा करून आलेलं, आमच्या गीझरच्या कॉइलला विचारा.

आता टँकमध्ये काय होतं, तर फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, हे चांगलंच आहे, त्याशिवाय मासे जगणारच नाहीत. पण हे करताना आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातला दम खातं. १ ग्रॅम नायट्रोजन खपवायला साधारण ७ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटएवढा दम खर्च. माझ्या ६० लिटर टँकमध्ये केएच ३ धरला तर एकूण शिल्लक सव्वातीन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी नायट्रोजनमध्ये खातं रिकामं! बापलेक दर पंधरा दिवसांनी पाणी बदलायचे तेव्हा त्यांच्या नकळत खात्यात भर पडत होती. मी ते बंद केलं आणि वरून आरओचं पाणी भरत राहिले, ज्यात केएच जवळपास शून्य. खर्च चालू, किंबहुना आईंच्या दुपारच्या खाण्यामुळे वाढलेला, आणि जमा काहीच नाही. दम संपला की पीएच कड्यावरून खाली पडल्यासारखा पडतो, आणि ६ च्या आसपास गेला की ते जिवाणूही थंडावतात, मग अमोनिया साचायला लागतो. त्यात मी निळं औषध ओतून उरल्यासुरल्या जिवाणूंनाही त्रास दिला असणार. म्हणजे काहीच न करता केलेल्या चुका कमी, आणि प्रेमानं केलेल्या चुका जास्त.

आणि हो, काळूचं डुलणं. मॉली हा मुळात जड पाण्याचा मासा, तिला क्षार लागतात. टँकरचं पाणी घातल्यावर तिघी मॉली वाचल्या आणि आठवड्याभरात डुलणं बंद, चक्क पळापळी करायला लागल्या. निऑन टेट्रा मूळचा अ‍ॅमेझॉनच्या मऊ, आंबटसर पाण्यातला. म्हणजे दुकानात एकाच दिवशी, एकाच पिशवीत, मी मऊ पाणीवाले आणि जड पाणीवाले एकत्र आणले होते आणि कुणीच काही बोललं नाही. मीही फक्त रंग बघून घेतले होते, साडी मॅचिंग करतात तसे.

मग दुरुस्ती. उरलेले पाच मासे (तीन मॉली, एक गप्पी आणि एक सकर, तो सकर कशानंच मरत नाही) वाचवायचे होते. काकांनी बजावलं की आता घाई नाही, मोठा बदल नाही. रोज सहा-सात लिटर पाणी काढायचं आणि तितकंच, तपासलेलं, रात्रभर ठेवलेलं पाणी हळूहळू घालायचं, तेही मगानं. खाणं दोन दिवस पूर्ण बंद, नंतर एकदाच. आईंना मी प्रेमानं सांगितलं, त्या रुसल्या, मग मी खाण्याची डबी कपाटात ठेवली. अमोनिया रोज तपासायचे आणि वहीत लिहायचे, लेकानं त्याचा आलेख काढला. मधे नायट्राइट वर गेलं तेव्हा पुन्हा धाकधूक. अमोनिया शून्यावर यायला पाचेक आठवडे लागले, जूनचा पहिला पाऊस पडून गेला होता.

दम टिकवायला दोन गोष्टी केल्या. पहिली, शिंपले. गुहागरला गेलो होतो तेव्हा लेकानं बरणीभर शिंपले जमवून शोकेसमध्ये ठेवले होते, तेच कामाला आले. खात्री म्हणून एकावर व्हिनेगर टाकलं, फस्स करून फेस आला, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आहे. (खडीवरही टाकून बघितलं, काही नाही, म्हणजे खडीचा ना फायदा ना तोटा.) चांगले उकळले, फडक्यात बांधून वरवंट्यानं फोडले, लसूण येतो त्या जाळीच्या पिशवीत भरले आणि फिल्टरमध्ये ठेवले. याची मजा अशी की पाणी आंबट व्हायला लागलं की शिंपला विरघळतो आणि पाणी सुधारलं की विरघळणं आपोआप मंदावतं, त्यामुळे जास्त होण्याची भीती कमी. पण काम सावकाश.

दुसरी, खायचा सोडा. भजीत घालतो तो. धुण्याचा सोडा नाही आणि बेकिंग पावडरही नाही, हे मी मुद्दाम लिहितेय कारण आमच्या घरात तिन्ही एकाच फळीवर, एकसारख्या डब्यांत आहेत. माझ्या ६० लिटरला २ ग्रॅम सोडा म्हणजे केएच साधारण एकानं वर. मसाल्याच्या काट्यावर मोजून, मगभर पाण्यात विरघळवून, एका दिवशी एवढंच. आणि ज्यांच्या टँकमध्ये अमोनिया आहे त्यांनी सोडा टाकायच्या आधी वरचा हिशोब परत वाचा प्लीज, सोड्यानं पीएच वर जातो आणि मग तेच जे माझ्याकडे झालं. आधी अमोनिया, मग सोडा.

दुकानदारानं मधे पीएच अपची बाटलीही दाखवली होती, मी नको म्हटलं. आकडा ढकलून वर न्यायचा आणि दम नसेल तर तो परत घसरणार, मासे झोपाळ्यावर. आता मी पीएच महिन्यातून एखाद्या वेळी बघते. केएच दर रविवारी. ४-५ असला की मी निवांत. सकाळचा पीएच आणि दुपारचा पीएच वेगळा आला तरी घाबरत नाही, झाडं उजेडात कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात म्हणून दुपारी थोडा वर असतो. दर आठवड्याला दहा लिटर पाणी बदलते, टँकर चालू असले तर अर्धं टँकरचं अर्धं कॉर्पोरेशनचं. आरओचं पाणी आता आम्हीच पितो.

निऑन परत आणले नाहीत. लेक मागतोय, पण आमचा टँक आता मॉली-गप्पींचा आहे असं मी त्याला सांगितलंय. ऑगस्टमध्ये काळूला पिल्लं झाली, वीसेक तरी असतील, त्यातली किती तिनंच खाल्ली देव जाणे, सहा मोठी झाली. त्या किल्ल्याच्या आत लपून वाचली ती, म्हणून आता किल्ल्याबद्दल मी काही बोलत नाही.

दिवाळीत मामाला केएचची एक किट कुरिअर केली, त्यानंच मागितली होती. चार दिवसांनी फोन आला. आवाजात फुल अभिमान. "बावीस थेंब! बावीस, पोरी. आणि शेजारच्या अण्णाच्या हिरीचे एकोणीसच. आता समदी आळी पाणी घेऊन दारात उभी हाय, बाटली संपत आली, अजून दोन पाठवून दे."